१ जूनवाल्यांसाठी अमेरिकन नागरिकत्वाची वाट

उन्हाळ्यात मी उदगीरला माहेरी आले की सकाळच्या चहालाच कुणीतरी फाइल घेऊन दारात उभं असतं. यंदा चौघं झाले. कुणाचा भाऊ टेक्सासला, कुणाची लेक न्यू जर्सीला, कुणी स्वतःच सुट्टीवर आलेलं. प्रश्न सगळ्यांचे तेच. मीही तीच उत्तरं देऊन कंटाळले, म्हणून एकदाचं लिहून काढते.

आधी माझा हिशेब. २००६ ला लग्न झालं आणि नवऱ्यामागं एच-४ व्हिसावर, म्हणजे तिथं नोकरीला गेलेल्याच्या जोडीदाराला मिळतो त्यावर, गेले. त्याच्या कंपनीनं २००८ मध्ये ग्रीन कार्डाची, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवानगीची, प्रक्रिया सुरू केली. कार्ड हातात आलं डिसेंबर २०१८ मध्ये. नागरिकत्वाचा अर्ज सप्टेंबर २०२३ ला भरला, शपथ २०२४ मध्ये झाली. म्हणजे अठरा वर्षं. त्यातली पहिली नऊ वर्षं मला तिथं नोकरीची परवानगीच नव्हती. एच-४ वाल्यांना ती २०१५ साली मिळाली, तीही अटी घालून. नांदेडला इंजिनिअरिंग केलेली मी आमच्या घरची कारकून झाले, आणि घरातला प्रत्येक कागद माझ्या हातून गेला.

या अठरा वर्षांत एक कळलं. अर्ज अमेरिकेत भरायचा असला तरी तो अडतो आपल्या गावातल्या रजिस्टरात, शाळेच्या दाखल्यावर, लग्नाच्या न झालेल्या नोंदीत. म्हणून सुरुवात तिकडून नाही, इकडून.

१. नाव आणि जन्मतारीख सगळीकडं एक आहे का ते बघा

माझी जन्मतारीख १ जून. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची १ जूनच. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी जूनमध्ये सहा वर्षं पूर्ण होतील असा हिशेब केला आणि तारीख टाकून दिली. आईला विचारलं तर ती सांगते, "पोळ्याच्या करीला झालीस." म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर कधीतरी. पण शाळा, दहावीचं प्रमाणपत्र, पॅन, पासपोर्ट, सगळीकडं १ जून लागलं, तेव्हा माझी अधिकृत तारीख तीच.

जन्म आजोळी, देगलूर तालुक्यात, दाईच्या हातचा. ग्रीन कार्डाच्या वेळी वकिलानं जन्माचा दाखला मागितला. मामानं ग्रामपंचायतीत जाऊन रजिस्टर काढायला लावलं. कापडी बांधणीचं, कडा वाळवीनं खाल्लेलं. ग्रामसेवकानं त्या सालाची पानं बोटाला थुंकी लावून दोनदा उलटली. माझ्या आधीच्या महिन्यात एका मुलीची नोंद होती, नावाच्या जागी नुसतं 'स्त्री'. माझी नोंदच नाही.

अशा वेळी घाबरायचं कारण नाही. करायचं ते असं:

- नोंद सापडत नसेल तर तसा लेखी दाखला घ्या. लोक त्याला अनुपलब्धता दाखला म्हणतात. त्यावर तुमचं नाव, आईवडिलांची नावं, जन्मगाव आणि कुठल्या वर्षाचं रजिस्टर पाहिलं ते सगळं यायला हवं. गोल शिक्का, सही, जावक क्रमांक. जावक क्रमांक नसलेला कागद मी कधीच घेत नाही.
- सोबत आई-वडिलांची शपथपत्रं. ते नसतील तर जन्माच्या वेळी हयात असलेल्या आणि प्रसंग माहीत असलेल्या नातेवाइकांची. त्यात जन्माची नोंद का झाली नाही हे सरळ लिहा.
- शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र.

नोंद सापडली, पण तारीख पासपोर्टपेक्षा वेगळी निघाली, तर? तेव्हा ती दडपू नका. आधी वकिलाशी बोला. गरज पडली तर पासपोर्टची तारीख दुरुस्त करून घ्या आणि मगच अमेरिकेच्या फॉर्मवर लिहा. "पाचशे रुपयांत पाहिजे त्या तारखेचा दाखला आणून देतो" म्हणणारे एजंट तालुक्याच्या प्रत्येक ठिकाणी बसलेत. तो दाखला पुढं वीस वर्षांनीसुद्धा तुमचं नागरिकत्व गोत्यात आणू शकतो. खोट्या कागदावर मिळालेलं नागरिकत्व काढून घेता येतं.

आता नाव. आपल्याकडं लग्नानंतर बाईचं मधलं आणि शेवटचं नाव बदलतं, काही घरांत पहिलंही. माझं पहिलं बदललं नाही, पण पदवीवर माहेरचं पूर्ण नाव, पासपोर्टवर सासरचं. अमेरिकन फॉर्मला 'वडिलांचं नाव मध्ये, लग्नानंतर नवऱ्याचं' हे गणित कळत नाही. त्याला तीन रकाने माहीत. आणि चौथा रकाना असतो: आजवर वापरलेली इतर नावं. तिथं माहेरचं पूर्ण नाव, स्पेलिंगच्या सगळ्या तऱ्हांसकट लिहा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, पण राहून गेलं तर मुलाखतीत उगाच प्रश्न येतात.

लग्नाची नोंद केली नसेल तर पुढच्या सुट्टीत ते काम आधी उरका. आमच्याकडं लग्नाची पत्रिका, अल्बम आणि दोन कॅसेटी होत्या, दाखला नव्हता. लग्नानंतर काही वर्षांनी नोंद करता येते, साक्षीदार आणि पत्रिका लागते. भटजी हयात असतील तर त्यांची सहीही तेव्हाच घेऊन टाका.

२. ग्रीन कार्डाची रांग

यावर फार लिहीत नाही; ज्यांना ती रांग माहीत आहे त्यांना माहीतच आहे. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली ७ टक्के. भारतासारख्या देशाला आणि चार गावांएवढ्या देशाला मर्यादा तीच. त्यामुळं आपली रांग दहा-दहा वर्षं, आता तर त्याहूनही लांब. कंपनीनं कामगार खात्याकडं अर्ज केला ती तारीख म्हणजे तुमचा रांगेतला नंबर. ती कागदावर लिहून देवघरात ठेवली तरी चालेल, कारण नोकरी बदलली तरी पहिला आय-१४० (कंपनीनं तुमच्या ग्रीन कार्डासाठी भरलेला अर्ज) मंजूर झालेला असेल तर सहसा तो नंबर सोबत येतो.

ज्यांची मुलं भारतात जन्मलीत त्यांनी एक लक्षात ठेवा. माझं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी झालं, २००८ ला, लातूरला. त्या एका रीतीमुळं माझा मुलगा आमच्याच रांगेत अडकला. २१ वर्षं झाली की मूल आईबापाच्या अर्जातून बाहेर पडू शकतं. आमचं कार्ड त्याच्या दहाव्या वर्षी आलं, नशीब. धाकटी तिकडं झाली, ती जन्मतःच नागरिक. एकाच घरात बहीण-भावाचे दोन देश.

३. पाच वर्षांचं गणित

ग्रीन कार्ड मिळाल्यावर पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. नवरा किंवा बायको अमेरिकन नागरिक असेल आणि दोघं एकत्र राहत असाल तर तीन वर्षांनी. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधीपासून अर्ज घेतात. एक दिवस जरी आधी भरला तरी नाकारला जाऊ शकतो, म्हणून कार्डावरची ते मिळाल्याची तारीख बघून कॅलेंडरवर मोजा आणि दोन-चार दिवस हातचे ठेवा.

त्या पाच वर्षांत तीन गोष्टी सांभाळायच्या:

- एकूण किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत. जायचा दिवस आणि परत यायचा दिवस, दोन्ही अमेरिकेतलेच धरतात.
- एका वेळी सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर नाही. सहा महिने ओलांडले की 'तुम्ही तिथलं राहणं मोडलं' असं ते धरून चालतात. उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. सलग वर्षभर बाहेर राहिलात तर पाच वर्षांची मोजणी बिघडतेच.
- ज्या राज्यातून अर्ज करता तिथं किमान तीन महिने वास्तव्य.

आपली माणसं सगळ्यात जास्त इथंच फसतात. परभणीकडचे आमचे एक ओळखीचे वडिलांच्या आजारपणाला आले. मग तेरावं, मग भावकीतली वाटणी, मग मोजणीची तारीख. 'आता आलोच आहे तर' करत सात महिने झाले. परतल्यावर विमानतळावर काही बोलले नाहीत, त्यांना वाटलं निभावलं. मुलाखतीत निघालं. भाडेकरार, पगाराच्या स्लिपा, मुलांच्या शाळेचे कागद, सगळं जमवावं लागलं. वाटणी व्हायची तेव्हा होईल, पाचव्या महिन्यात परतीचं विमान धरा.

मी २०१८ पासून एका वहीत प्रत्येक प्रवास लिहीत आले: गेले ती तारीख, आले ती तारीख, बाहेरचे दिवस. अर्जात पाच वर्षांतल्या सगळ्या सहली लागतात आणि पासपोर्टवरचे शिक्के इतके पुसट असतात की ३ आणि ८ ओळखू येत नाही.

४. कर भरला म्हणजे सगळा भरला का?

हा भाग मी मुद्दाम सावकाश सांगतेय, कारण शेतकऱ्याच्या घरातून गेलेल्यांना तो कुणी सांगत नाही.

ग्रीन कार्ड असलं की जगभरातलं उत्पन्न अमेरिकेत दाखवावं लागतं. शेतीचं उत्पन्न भारतात करमुक्त आहे, अमेरिकेत नाही. तुमच्या नावच्या चार एकरांत सोयाबीन झालं, बटईवाल्यानं तुमच्या वाट्याचे पैसे खात्यात टाकले, तर ते तिकडच्या विवरणपत्रात आले पाहिजेत. एफडीचं व्याजही.

दुसरं, भारतातल्या तुमच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तर एक वेगळी माहिती दरवर्षी भरावी लागते. तिला एफबार म्हणतात. कर नाही, नुसती माहिती, पण न भरल्याचा दंड डोळे पांढरे करणारा. आणि यात जोडनावाची खातीही धरतात. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, प्रेमानं त्यांच्या दोन एफडीवर माझं नाव घातलेलं होतं. मला पत्ताच नव्हता. एकदा फोनवर बोलता बोलता निघालं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आधीच्या वर्षांचं राहिलेलं भरून काढायची रीत आहे; जाणकार सीपीए (तिकडचा सीए) गाठून ते अर्ज करण्याआधी निस्तरा. घरी फोन करून आजच विचारा, तुमचं नाव कुठं कुठं लावलंय.

५. अर्ज: एन-४००

एन-४०० हे नागरिकत्वाच्या अर्जाचं नाव. तो यूएससीआयएसच्या, म्हणजे तिकडच्या नागरिकत्व आणि स्थलांतर खात्याच्या, साइटवर खातं उघडून भरता येतो. २०२४ च्या एप्रिलपासून फी ऑनलाइनला ७१० डॉलर, कागदावर ७६०. भरण्याआधी साइटवरचा आकडा पुन्हा बघा. ऑनलाइनच भरा, प्रगती दिसते आणि पत्रं तिथंच येतात.

हाताशी ठेवा: ग्रीन कार्ड, राज्याचं लायसन्स, चालू आणि जुने सगळे पासपोर्ट, पाच वर्षांतले पत्ते आणि नोकऱ्या, प्रवासाची वही, लग्नाचा दाखला, मुलांचे दाखले, कराचे ट्रान्सक्रिप्ट (भरलेल्या विवरणपत्राचा सरकारी उतारा). मराठी कागद असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याची सही हवी.

'तुम्ही कधीही...' असा सुरू होणारा प्रश्नांचा एक लांब भाग आहे. 'कधीही' म्हणजे जन्मापासून. तीन ठिकाणी आपली माणसं अडखळतात:

- कम्युनिस्ट पक्षाचं सभासदत्व. कॉलेजात कुठल्या विद्यार्थी संघटनेची पावती फाडली असेल तर ती संघटना कुणाची होती ते आठवा आणि आधी वकिलाला विचारा.
- शस्त्रांचं प्रशिक्षण. मी शाळेत एनसीसीत होते, कॅम्पला .२२ रायफल चालवली होती, पाच गोळ्या, त्यातली एकही निशाण्यावर नाही. 'होय' लिहिलं आणि खाली दोन ओळींत खुलासा केला.
- मतदान. लायसन्स काढताना खिडकीवर विचारतात, मतदार म्हणून नोंदणी करायची का? ग्रीन कार्डवाल्यानं चुकून 'हो' म्हटलं तर ते नागरिक असल्याचा खोटा दावा केल्यात जमा होऊ शकतं. हा खड्डा छोटा दिसतो, पण खोल आहे. तिथं नाहीच म्हणायचं.

वकील लागतो का? अटक, मोडलेलं लग्न, सहा महिन्यांहून लांब गैरहजेरी, कराचा गुंता यातलं काही असेल तर लागतो. नसेल तर मी स्वतः भरला, तुम्हीही भराल.

६. ठसे, अभ्यास, मुलाखत

ठशांचं बोलावणं येतं, वीस मिनिटांचं काम. भांडी घासून घासून बोटांच्या रेषा गेल्यात म्हणून माझे ठसे दोनदा घेतले. तिथल्या बाई म्हणाल्या, नर्स आणि सुगरणींचं असंच होतं.

अभ्यासाचं बदललंय, ते नीट ऐका. मुलाखतीत अमेरिकेचा इतिहास आणि राज्यकारभार यावर परीक्षा असते. मी दिली तेव्हा १०० प्रश्नांची यादी होती, त्यातले १० विचारायचे, ६ बरोबर हवेत. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांची नवी यादी आहे. त्यातले २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर आले की पास. तोंडी असते. भावाचं जुनं पुस्तक घेऊन बसू नका.

मी भाकरी थापताना अभ्यास केला. मुलगा कट्ट्यावर बसून प्रश्न टाकायचा, मी परातीतून मान न उचलता उत्तर द्यायची. घटनादुरुस्त्या किती? सत्तावीस. सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश किती? नऊ. लातूर पॅटर्नमध्ये तयार झालेल्याला ही परीक्षा म्हणजे चाचणीसुद्धा नाही. एवढंच सांभाळा की काही उत्तरं निवडणुकीबरोबर बदलतात: राज्यपाल कोण, सभापती कोण. ती मुलाखतीच्या आदल्या रात्री तपासा.

आईवडिलांसाठी सवलत आहे. वय ५५ आणि ग्रीन कार्डावर १५ वर्षं, किंवा वय ५० आणि २० वर्षं झाली असतील तर इंग्रजीची परीक्षा नाही. प्रश्न आपल्या भाषेत, दुभाष्या घेऊन. मराठी चालते. ६५ च्या वर आणि २० वर्षं असतील तर प्रश्नांची यादीही छोटी.

माझी मुलाखत पंचवीसेक मिनिटं चालली. अधिकारी शांत होता. आधी हात वर करून खरं बोलण्याची शपथ. मग अर्ज एकेक ओळ करून वाचला. एक वाक्य वाचायला दिलं आणि एक लिहायला, टॅबलेटवर, प्लास्टिकच्या पेनानं. गुळगुळीत काचेवर पेन घसरत होतं आणि माझं अक्षर पहिलीतल्या पाटीसारखं आलं. एनसीसीच्या ओळीवर तो थांबला. मी कॅम्पची गोष्ट सांगितली, पाच गोळ्यांसकट. हसला आणि पुढं गेला. त्याला शंका माझ्या नावाची होती: पदवीवरचं मधलं नाव कुणाचं, पासपोर्टवरचं कुणाचं? मी लग्नाचा दाखला पुढं सरकवला. बोलावं लागलं नाही. लग्नाची नोंद करा असं वर सांगितलं ते याचसाठी.

नाव बदलायचंय का, असं या वेळी विचारतात. लांबलचक नावाला कंटाळून पुष्कळजण 'छोटं करून टाकू' म्हणतात. माझं मत: इकडं शेती, घर, बँक काही असेल तर बदलू नका. का ते शेवटी येतंच.

७. शपथ, आणि त्यानंतरचे रिकामे दिवस

शपथेच्या हॉलमध्ये शिरताना दारातल्या टेबलावर ग्रीन कार्ड परत घेतात. दहा वर्षं जिच्यासाठी रांगेत उभे होतो ती वस्तू त्या बाईनं पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकली, इतर कार्डांच्या ढिगावर. टप्प असा आवाज झाला.

शपथेत आधीच्या 'राजा, संस्थानिक, राज्य किंवा सत्ते'वरची निष्ठा सोडतो असं म्हणायचं असतं. तो शब्द ऐकून मला आजोबा आठवले. ते निजामाची रयत म्हणून जन्मले आणि १७ सप्टेंबर १९४८ ला घराचा उंबरा न ओलांडता भारताचे झाले. ना फॉर्म, ना फी, ना ठसे. अर्थात रझाकारांच्या त्या वर्षात त्यांच्या पिढीनं जे मोजलं त्यापुढं माझे ७०० डॉलर काहीच नाहीत.

प्रमाणपत्र हातात पडलं की खुर्चीवरच बसून स्पेलिंग, जन्मतारीख, देश तपासा. चूक असेल तर हॉल सोडण्याआधी सांगा. नंतर ती दुरुस्ती म्हणजे वेगळा फॉर्म आणि महिनोन्‌महिने.

मुलांचं: १८ च्या आतलं, ग्रीन कार्ड असलेलं, तुमच्याजवळ राहणारं मूल आईबापापैकी एकजण नागरिक झाला की आपोआप नागरिक होतं. मुलाला शपथही घ्यावी लागली नाही, थेट पासपोर्टचा अर्ज केला.

आता माझी चूक ऐका. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की त्या क्षणी भारताचं संपतं. म्हणजे शपथेनंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करता येत नाही, ग्रीन कार्ड परत गेलेलं, अमेरिकन पासपोर्ट अजून यायचाय. मधले काही आठवडे तुमच्याकडं प्रवासाचा एकही कागद नसतो. मी शपथ घेतली, निवांत टपालानं पासपोर्टचा अर्ज पाठवला, त्यासोबत अस्सल प्रमाणपत्रही गेलं. तिसऱ्या आठवड्यात भावाचा फोन, अण्णा लातूरला आयसीयूत. तातडीच्या पासपोर्टसाठी पासपोर्ट एजन्सीत भेटीची वेळ मिळते, पण माझा अर्ज आधीच वाटेत. तो शोधून, वळवून, मग भारताचा व्हिसा काढून पोहोचेपर्यंत नऊ दिवस गेले. अण्णांनी ओळखलं मला, तेवढं झालं. पुढच्या महिन्यात ते गेले.

म्हणून घरी कुणी आजारी असेल तर शपथेची तारीख पुढं ढकलून मागा. किंवा शपथेच्याच आठवड्यात पासपोर्ट एजन्सीची वेळ धरा, जलद सेवेचे पैसे भरा. आणि प्रमाणपत्र पाठवण्याआधी अर्जांना जोडण्यापुरत्या त्याच्या प्रती काढून ठेवा.

८. भारताच्या बाजूचं आवरणं

क्रम असा: अमेरिकन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट परत करून त्याचं सरेंडर सर्टिफिकेट, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड. दोन्ही अर्ज ऑनलाइन भरून कागद व्हीएफएस या कंपनीमार्फत दूतावासाकडं जातात. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत देतात, तो जपून ठेवा. ओसीआयवर आयुष्यभर येता-जाता येतं, पण मतदान नाही, निवडणूक नाही, सरकारी नोकरी नाही.

मतदार यादीतलं नाव काढायला नमुना ७ भरा. गावात म्हणतील, "राहू द्या की ताई, कुणाला काय कळतंय." एक मत कमी होतं ना त्यांचं! ऐकू नका. आईनं मात्र वेगळंच विचारलं होतं: "मग आता मत टाकायला यायची नाहीस?" त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

बँकेत जाऊन साधं बचत खातं एनआरओ (परदेशात राहणाऱ्यांचं रुपयांतलं खातं) करून घ्या, नागरिकत्व बदलल्याचं कळवा. पॅन तोच चालतो.

आईवडिलांना तिकडं न्यायचं असेल तर नागरिक मुलगा-मुलगी आय-१३० हा नातेवाइकासाठीचा अर्ज भरू शकतात, वय २१ पूर्ण हवं. आईबापाला वार्षिक मर्यादेची रांग नाही. ग्रीन कार्डावर असताना हे करता येत नाही. बरेचजण नागरिकत्व घेतात ते यासाठीच. माझी आई म्हणाली, "काय करू तिथं येऊन? बोलायला माणूस नाही, खुरपायला वावर नाही." अर्ज भरला नाही.

९. जमीन

इथली शेतजमिनीची विक्री-खरेदी अजूनही १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याखाली चालते. शेतकरी नसलेल्याला ती सहसा घेता येत नाही. तुम्ही परदेशी नागरिक झालात की त्यावर परकीय चलनाचा कायदा बसतो. थोडक्यात:

- ओसीआयवाल्याला शेतजमीन, फार्महाउस, मळा विकत घेता येत नाही.
- बक्षीसपत्रानंही घेता येत नाही. फ्लॅट, घर, प्लॉट जवळच्या नातेवाइकाकडून बक्षीस चालतो, वावर नाही. 'आबांनी बक्षीसपत्र करून दिलं' म्हणणारे दोघं यंदाच भेटले.
- वारसानं मिळते. आणि लेकींनो, वडिलार्जित जमिनीत तुमचा हिस्सा मुलाइतकाच आहे, पासपोर्ट कुठलाही असो.
- विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच.

मुखत्यारपत्र तिकडून करून पाठवत असाल तर दूतावासात साक्षांकित करा आणि इथं पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घ्या. नाहीतर तो नुसता कागद.

वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडं तीन महिन्यांत द्यायचा असतो. मी आणि भाऊ गेलो. तलाठ्यानं वंशावळीच्या शपथपत्रावर माझं नाव पाहिलं, माहेरचं. मग ओसीआय पाहिलं, सासरचं. "ताई, ह्या दोघी कोण?" तेव्हा पिशवीतून काढलं ते सांगते, तुम्हीही घेऊन जा: शाळेचा दाखला, लग्नाची नोंद, रद्द केलेला जुना पासपोर्ट, ओसीआय, अमेरिकन पासपोर्टची प्रत, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र. जन्मतारीख सगळ्यांवर १ जून. त्यानं एकावर एक कागद लावून तारखा जुळवल्या आणि फेरफारला नोंद घेतली. तिकडं मी नाव छोटं करून घेतलं असतं तर तिसरी बाई कुठून आणली असती?

नोंद घेतली म्हणजे झालं नाही. हितसंबंधितांना नोटीस निघते, तिची मुदत पंधरा दिवसांची, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतो, मगच सातबाऱ्यावर नाव चढतं. मी दहा दिवसांची सुट्टी काढून आले होते. तिकीट बदलायला विमान कंपनीनं जे घेतलं त्यात एन-४०० ची निम्मी फी निघाली असती. तुम्ही तीन आठवड्यांचं तिकीट काढा.